आत्याशी तिच्या चित्रांबद्दलचं बोलणं रेकॉर्ड करायचंय: माइक, प्रश्न, फाइल्स

शाईदौत
आत्या ८१ वर्षांची आहे. आयुष्यभर जलरंगात काम केलंय. त्या कामाबद्दल आणि ओघाने आयुष्याबद्दल तिच्याच आवाजात नोंद करून ठेवायची आहे. उजव्या कानाने कमी ऐकू येतं आणि तासाभरापेक्षा जास्त बसवत नाही. माझ्याकडे फोन आणि तारेचा कॉलर माइक आहे. आवाज स्वच्छ येण्यासाठी काय करू? "मला काय एवढं सांगण्यासारखं" म्हणून ती दोन वाक्यांत आटपते, त्यावर उपाय काय? आणि व्हिडिओ करावा की नुसता आवाज?

खर्ज
सगळ्यात आधी माइकची पिन बघा. तिच्यावर दोन काळ्या रेघा असतील तर तो बहुधा कॅमेऱ्याचा माइक. फोनला तीन रेघांची पिन लागते. चुकीची पिन लावली तरी फोन काही सांगत नाही, गुपचूप स्वतःचाच माइक वापरतो. म्हणून रेकॉर्डिंग चालू करून कॉलर माइकवर नखाने हलकेच खरवडा आणि लगेच ऐका. खरखर अगदी कानाशी आली पाहिजे.

माइक हनुवटीखाली एक वीत. अंतर निम्मं केलं की आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो, खोलीचा घुमारा मात्र तेवढाच राहतो. त्यामुळे लांब ठेवलेल्या भारी माइकपेक्षा जवळचा साधा माइक केव्हाही बरा. गळ्यातली साखळी, शालीची कड माइकला घासत नाही ना, ते पाहा. ती घासण नंतर काढता येत नाही.

पंखा बंद. फ्रिजचा आवाज येत असेल तर तोही बंद करा आणि स्वतःच्या गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे तो पुन्हा चालू केल्याशिवाय निघताच येणार नाही. फोन विमान मोडवर टाका, नाहीतर कॉल आला की रेकॉर्डिंग थांबू शकतं. अॅपमध्ये 'ऑटो गेन' (आवाजाची पातळी आपोआप कमी-जास्त करणारी सोय) असेल तर तो बंद करा. चालू राहिला तर आत्या थांबल्या की मागची घरघर वर येते आणि बोलू लागल्या की दबते; ऐकणाऱ्याला ते फार त्रासदायक होतं. पातळी अशी लावा की नेहमीच्या बोलण्याची टोकं अॅपच्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहतील (शून्य म्हणजे कमाल मर्यादा, त्यापुढे आवाज फाटतो). हसल्यावर आवाज एकदम चढतो, त्याला जागा हवी.

शेवटी कोणीही न बोलता खोलीचा आवाज मिनिटभर घ्या. संपादनात तुकडे जोडताना तो लागतोच.

कोराकागद
"प्रेरणा कुठून मिळाली" हा प्रश्न विचारूच नका. त्याचं उत्तर प्रत्येकाकडे तयार असतं आणि ते दोन वाक्यांचंच असतं. चित्र समोर ठेवा आणि हाताबद्दल विचारा. इथे कागद कोरा सोडलाय, तो आधी ठरवून की मास्किंग (रंग लागू नये म्हणून झाकण्याचा द्रव किंवा पट्टी) लावून? पहिला वॉश (पातळ रंगाचा हात) ओला असताना दुसरा टाकला की वाळू दिला? हा डाग मुद्दाम की झालेला? हे चित्र संपलं असं कधी वाटलं? कलाकाराला आपल्या कामातले निर्णय आठवतात, आणि निर्णय सांगता सांगता त्या वेळचं घर, माणसं, पैशांची ओढाताण आपोआप येते. फसलेली, अर्धवट सोडलेली चित्रंही काढा. माझ्या मते सर्वांत जास्त त्यांच्यातूनच कळतं.

आधी प्रत्येक चित्राला क्रमांक देऊन फोटो काढा. बोलताना त्या "हा कोपरा बघ" म्हणतील, पण आवाजात कोपरा दिसत नाही. तुम्ही लगेच म्हणायचं, "चौदा नंबर, डावीकडे खाली, जांभळा भाग."

उत्तर संपलं असं वाटलं की मनात सातपर्यंत मोजा आणि मगच पुढचा प्रश्न विचारा. खरं उत्तर पुष्कळदा त्या थांबण्यानंतर येतं. "हं, हं" करू नका, मान हलवा; नाहीतर तुमचा हुंकार त्यांच्या शब्दांवर बसतो. डाव्या कानाच्या बाजूला, पण ओठ दिसतील असे बसा.

व्हिडिओ फक्त हातांचा करा. त्या उजव्या हाताने रंगवत असतील तर कॅमेरा डाव्या खांद्यावरून, म्हणजे हात चित्राच्या आड येत नाही. रंगवताना बोलायला लावू नका, दोन्ही बिघडतं. नंतर तो व्हिडिओ त्यांना दाखवा आणि बघताना जे बोलतील ते रेकॉर्ड करा.

जुनीपेटी
अॅपमधली रेकॉर्डिंगची सेटिंग अशी ठेवा: ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह (आवाज न दाबता साठवणारी फाइल), मोनो (एकच वाहिनी). तासाला साधारण ५२० एमबी होतात. मूळ फाइलला हात लावायचा नाही, ऐकायला वेगळी एमपी३. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या घरी. नावात आधी वर्ष, मग महिना, दिवस, नाव, बैठक क्रमांक. म्हणजे फाइल्स आपोआप क्रमाने लागतात. व्हॉट्सअॅपवर पाठवायचीच झाली तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

सगळं बोलणं लिहून उतरवायला घेऊ नका. तासाभराचं बोलणं हाताने उतरवायला चार-सहा तास सहज जातात आणि काम तिथेच अडतं. दर पाच मिनिटांना एक ओळ: वेळ, विषय, चित्राचा क्रमांक, आलेली नावं. नावांची अक्षरं त्याच दिवशी आत्यांकडून तपासून घ्या.

शाईदौत
पिनेवर दोनच रेघा निघाल्या! अडॅप्टर घेते. अजून एक: चुलतभाऊ सोबत बसू म्हणतोय, आणि तो तिची सनं सतत दुरुस्त करतो.

कोराकागद
पहिल्या बैठकांना फक्त तुम्ही दोघी. सन चुकलं तरी चालू बोलण्यात दुरुस्त करू नका. माणूस सावध होतो आणि पुढे "नक्की आठवत नाही" एवढंच म्हणतो. वहीत टिपा, शेवटच्या दहा मिनिटांत विचारा. भाऊंना जुने फोटो घेऊन वेगळ्या दिवशी बोलवा. दोघं एकाच वेळी बोलतील तेव्हा दोन माइक हवेत, नाहीतर भाऊ लांबून आणि पुसट येतील.

जुनीपेटी
संमती दोनदा घ्या, सुरुवातीला आणि बैठक संपल्यावर. काय बोललं जाईल हे आत्यांना आधी ठाऊक नसतं. "यातलं कोणी ऐकलेलं चालेल, काय बंद ठेवायचं?" हे रेकॉर्डिंग चालू असतानाच विचारा. बंद ठेवायचा भाग मूळ फाइलमधून खोडू नका. ऐकायच्या प्रतीतून काढा आणि वेळेसकट नोंद ठेवा. पुसूनच टाका म्हणाल्या तर मात्र सगळ्या प्रतींतून पुसा.