पिल्लाच्या पायावर बादली पडली, घरी काय काय तपासू?

ढेमश्याची_आई, मानेवाडा
तासाभरापूर्वी कूलरमध्ये पाणी भरून राहिली होती, अर्धी भरलेली बादली हातातून सटकली ते सरळ ढेमश्याच्या मागच्या डाव्या पायावर. अडीच महिन्याचं गावठी पिल्लू आहे, बिल्डिंगखालून उचललेलं. असं केकाटलं की शेजारच्या काकू धावत आल्या. आता शांत आहे, पोळी खाल्ली, पण पाय उचलून चालून राहिलं. सासूबाई म्हणतात हळद-तेल लावून चोळ, नवरा म्हणतो क्रोसिनचा चतकोर तुकडा दे. रविवार असल्यामुळे आमचे डॉक्टर फोन उचलून नाही राहिले. हात लावायचीच भीती वाटते मला.

त्रिमूर्तीनगरवाला
ताई, माणसांची गोळी अजिबात नको. क्रोसिन नाही, ब्रुफेन-काँबिफ्लाम तर त्याच्यासाठी विषच आहे. चोळू पण नका, हाड तडकलं असलं तर अजून हलेल.
आधी हात न लावता पाहा. कूलरसमोर निजू द्या, धाप थांबली की छाती मिनिटात किती वेळा हलते ते मोजा, 15 ते 30 च्या आसपास असलं तर ठीक. मग ओठ उचलून हिरडी बोटानं दाबा, पांढरी होऊन दोन सेकंदांत परत गुलाबी झाली पाहिजे. गावठी पिल्लांच्या हिरड्या पुष्कळदा काळ्याच असतात, मग खालची पापणी ओढून आत बघा. पांढरंफटक दिसलं, पोट टणक लागलं, ओकाऱ्या, सुस्ती, लघवीत रक्त, यातलं काहीही असलं तर रविवार-फिविवार न पाहता उघडा सापडेल तो दवाखाना गाठा.

काळूची_मावशी
हात लावताना चांगल्या पायापासून सुरुवात करा, म्हणजे दुसऱ्या पायाशी ताडून पाहता येतं. दुखरा पाय सगळ्यात शेवटी, एकेक बोट, नखं, मधली गादी, मग वर. कुठे अंग आखडतं किंवा मान वळवून पाहतं तिथेच थांबा, ओढाताण करू नका. एकानं टॉवेलमध्ये धरायचं. दुखलं की लाडाचं पिल्लू पण चावते, आणि अडीच महिन्यात त्याचं रेबीजचं इंजेक्शन झालं नसणार. दात लागला तर साबण लावून 15 मिनिटं नळाखाली धुवायचं आणि स्वतःच्या डॉक्टरकडे जायचं, ‘पिल्लूच आहे ना’ म्हणून सोडायचं नाही.

बजाजनगर_बाप्पा
इतकं काय घाबरता जी, गल्लीतले कुत्रे भिंतीवरून पडतात, तिसऱ्या दिवशी पळतात.

काळूची_मावशी
पळतात ते दिसतात बाप्पा, बाकीचे दिसत नाहीत. पिल्लाच्या हाडाची टोकं वाढीची असतात, कच्ची, तिथे मार बसला तर पाय पुढे वाकडा वाढू शकतो. उद्यापर्यंत लंगडणं राहिलं तर एक्स-रे काढाच, सेमिनरी हिल्सला नागपूर व्हेटर्नरी कॉलेजचा दवाखाना आहे.

ढेमश्याची_आई, मानेवाडा
श्वास 26. हिरड्या खरंच काळ्या निघाल्या, पापणी गुलाबी आहे. मधल्या बोटाला सूज आणि नख चिरलेलं, तिथे हात गेला की कुईं करते. फडक्यात बर्फ गुंडाळून पाच मिनिटं धरला. शू केली, साफ होती, आणि नेमकी सासूबाईंच्या चटईवर. आता कूलरच्या खोक्यात गोधडी टाकून निजवलं, उड्या नकोत म्हणून. सकाळी सेमिनरी हिल्सला नेतोच, पण ऑटोत मांडीवर धरू की खोक्यातच ठेवू?

त्रिमूर्तीनगरवाला
खोक्यातच. आणि पाण्याची बाटली ठेवा सोबत, ऊन पाहून राहिल्या ना.