टेनिसचे सर आणि सहावं कोर्ट : तुमचे अनुभव सांगा

मुलीच्या सामन्यांमुळे अमेरिकेतलं कॉलेज टेनिस जवळून बघतेय. इथे बे एरियात (सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात) विषय निघाला की डिक गूल्ड यांचं नाव येतंच. स्वतः स्टॅनफर्ड विद्यापीठाकडून खेळले आणि १९६६ ते २००४ तिथल्याच पुरुष संघाचे कोच होते. १७ राष्ट्रीय विजेतेपदं! पुढे विम्बल्डन जिंकणारा जॉन मॅकॅन्रो त्यांच्याकडे एकच वर्ष होता. १९७८ मध्ये एकेरीचं आणि संघाचं, दोन्ही विजेतेपदं घेऊन गेला. पण मला कुतूहल आहे ते त्याच संघांतल्या, खेळाच्या ताकदीनुसार पाचव्या-सहाव्या क्रमांकावर असलेल्या मुलांचं. कॉलेजात खेळून पुढे शिकवायला लागलेले सर किंवा मॅडम तुम्हाला लाभले असतील, तर जरूर लिहा.

टेक्सासहून : मी सहाव्या क्रमांकावरच खेळायचो. दोन कॉलेजांच्या लढतीत सहा एकेरी सामने, प्रत्येकाचा एक गुण. तिन्ही दुहेरी मिळून एक. चार गुण झाले की लढत जिंकली. म्हणजे पहिल्या कोर्टावरच्या स्टारचा गुण आणि माझा गुण सारख्याच मोलाचा. आमचे कोचही त्यांच्या काळी याच जागेवर खेळलेले. एकदा लढत ३-३ झाली, बाकीची पाचही कोर्टं रिकामी, सगळे माझ्या जाळीला टेकून उभे. तिसरा सेट, ४-५, सर्व्हिस माझी. कॉलेज टेनिसमध्ये बाजू बदलताना कोचला खेळाडूशी बोलता येतं. ते शेजारी बसले आणि विचारलं, "सकाळी नीट खाल्लंस ना?" उठताना एवढंच म्हणाले, "दुसरी सर्व्हिस त्याच्या बॅकहँडला, उंच उसळू दे." मी हरलो. परतीच्या बसमध्ये पाच तास माझ्या शेजारी बसले, सामन्याचा शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मात्र बॉलची टोपली घेऊन हजर. दोन तास फक्त दुसरी सर्व्हिस.

पुण्याहून : आमचे सर आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळलेले, नोकरी सांभाळून शिकवायचे. मातीच्या कोर्टावर आधी पाणी मारायचं, रोलर ओढायचा, मगच रॅकेट हातात. माझ्या रॅकेटचं गटिंग (जाळीची तार) तुटलं तेव्हा घरी पैसे मागायचा धीर होईना. सरांनी न विचारता आपली रॅकेट दिली. वर्षभर परत मागितली नाही.

ठाण्याहून : अमेरिकन खेळाडू आणि कोच ब्रॅड गिल्बर्टला विसरू नका. पेपरडाइन विद्यापीठाकडून १९८२ ची एनसीएए (अमेरिकेतली राष्ट्रीय कॉलेज स्पर्धा) एकेरीची अंतिम फेरी हरला. १९९४ मध्ये आंद्रे आगासीचा कोच झाला आणि त्याच वर्षी आगासीने मानांकन नसताना अमेरिकन ओपन जिंकली. आगासीच्या आठपैकी सहा ग्रँड स्लॅम गिल्बर्टबरोबरच्या. गिल्बर्टचे फटके देखणे नसतील, पण समोरच्याला काय खुपतं ते त्याला बरोबर कळायचं.

कोल्हापूरहून : माझा अनुभव खेळाडूच्या आईचा. लेक दहावीला टेनिस सोडणार होती. तिच्या मॅडम विद्यापीठाच्या संघातून खेळलेल्या. त्या घरी आल्या. मला वाटलं, समजूत घालायला. म्हणाल्या, "काकू, रॅकेट वर्षभर कव्हरात राहू दे. फक्त रविवारी तासभर लहान मुलांना बॉल टाकायला पाठवा." ती वर्षभर गेली. आता कॉलेजच्या संघात आहे, आणि रविवारचा तो तास अजून चुकवत नाही.