मोबाइलवरची मिस्सा आईसाठी पुरेशी आहे का?

प्रश्न (धारणी तालुका)
आमच्या गावात फादर महिन्यातून एकाच रविवारी येतात. गुडघ्यांमुळे आईला दूरच्या चर्चला नेता येत नाही, म्हणून इतर रविवारी ती मोबाइलवर मिस्सा (कॅथलिक चर्चमधली मुख्य सामूहिक उपासना) पाहते. चुलतभाऊ म्हणतात की याने रविवारचे कर्तव्य पूर्ण होत नाही आणि तिला पाप लागते. तेव्हापासून ती अस्वस्थ आहे. फोनवरून पापनिवेदन (क्षमेसाठी फादरांकडे पापांची कबुली) करता येईल का, असेही ती विचारते.

उत्तर १ (अचलपूर)
ताई, आईंना सांगा की त्यांना पाप लागत नाही. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेतील (नियमसंग्रहातील) कलम १२४७ रविवारच्या मिस्सेचे कर्तव्य सांगते; पण आजारपणासारख्या गंभीर कारणाने जाणे अशक्य असेल तर ते बंधन उरत नाही, आणि धर्मगुरूच नसतील तर कलम १२४८ शब्दविधीत (बायबल वाचनाच्या उपासनेत) सहभागी होण्याची किंवा कुटुंबाने एकत्र प्रार्थना करण्याची कळकळीची शिफारस करते. प्रक्षेपण पाहणे म्हणजे मिस्सेत सहभागी होणे नव्हे, एवढे भाऊंचे म्हणणे खरे आहे. तरीही त्या प्रार्थनेचे मोल कमी होत नाही. त्यांना ख्रिस्तशरीराची (मिस्सेत दिल्या जाणाऱ्या पवित्र भाकरीची) ओढ असेल तर फादरांशी बोला, कारण १९७३ पासून बिशपांच्या परवानगीने नेमलेली प्रापंचिक (धर्मगुरू नसलेली) व्यक्तीही ते आजाऱ्यांच्या घरी नेऊ शकते.

उत्तर २ (यवतमाळ)
फोनवरून पापक्षमा मिळत नाही. त्यासाठी फादरांसमोर प्रत्यक्ष असावे लागते. मार्च २०२० मध्ये रोमने (पोपच्या कार्यालयाने) स्मरण करून दिले होते की संस्कार मिळणे शक्य नसताना देवावरील प्रेमातून उपजलेला परिपूर्ण पश्चात्ताप, शक्य होताच पापनिवेदन करण्याच्या ठाम निश्चयासह, गंभीर पापांचीही क्षमा मिळवून देतो. आजाऱ्यांचा अभ्यंग संस्कार (पवित्र तेल लावून प्रार्थना) मात्र फक्त धर्मगुरूच देऊ शकतात. त्यामुळे पावसाळ्यात नाल्याला पूर येऊन रस्ता बंद होण्याआधीच त्यांना बोलवा. लोक शेवटच्या घटकेची वाट पाहतात, याचे मला फार वाईट वाटते, कारण हा संस्कार केवळ मरणाऱ्यांसाठी नाही.

उत्तर ३ (मोर्शी)
आईंना मोबाइलसमोर एकट्या बसू देऊ नका, एवढीच माझी विनंती आहे. आमच्याकडे ऑक्टोबरमध्ये रोझरी (मरियामातेची जपमाळेची प्रार्थना) घरोघरी फिरते, आणि कापूस वेचून थकलेल्या बायाही येतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने) १९६३ मध्ये अशा लोकभक्तीची प्रशंसा केली, परंतु या भक्तीने चर्चच्या अधिकृत उपासनेशी सुसंगत राहून लोकांना त्या उपासनेकडेच न्यावे, असेही सांगितले. म्हणून आम्ही रोझरीआधी त्या रविवारचे शुभवर्तमान मोठ्याने वाचतो. तुमच्या गावातली दोन-तीन घरे तयार झाली, तर फादर नसलेल्या रविवारी हे आईंच्या ओसरीवरच करता येईल.