मदत हवी आहे: रेडिएटरचं पाणी कमी होतंय, गळती कुठेच दिसत नाही (जुनं ५.९ लिटर इंजिन)

सळईवाला:

राम राम मंडळी.

गाडी २००८ ची, सहा चाकी, सहा सिलिंडर टर्बो, ५.९ लिटर. इंजिन कोणतं ते या लाइनीतल्या माणसाला वेगळं सांगायला नको. डिझेल पंप मेकॅनिकल, ईजीआर (धूर थोडा परत इंजिनात फिरवणारी यंत्रणा) नाही, सेन्सर-बिन्सर काही नाही. इंजिनाबद्दल तक्रार नाही, वयाच्या मानानं अजून खणखणीत ओढतं. माझी लाइन जालना ते लातूर. जाताना सळई, येताना पेंड मिळाली तर पेंड, नाहीतर रिकामी. अंबड, शहागड, गेवराई, बीड, मांजरसुंबा, केज, अंबाजोगाई असा रस्ता.

अडचण अशी की रेडिएटरचं पाणी कमी व्हायलंय. जाऊन-येऊन चार-पाच लिटर वरून टाकावं लागतं. गाडी रात्रभर उभी केली तर खाली टिपूस नाही. इंजिनाखाली पुठ्ठा टाकून ठेवला, सकाळी कोरडा ठक्क.

काय काय करून झालंय ते आधीच सांगतो. वरचा-खालचा होस पाईप क्लिपांसकट नवा टाकला. रेडिएटर उतरवून साफ करून आणला. कॅप नवी. वॉटर पंपाच्या खालच्या भोकातून पाणी येत नाही, बेअरिंगला खेळ नाही. ऑइलची पट्टी ओढून बघतो, ऑइल काळंच आहे, दुधाळ नाही आणि पातळीही वाढलेली नाही. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग नाही. सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही. काटा मधोमध असतो, पाणी फारच खाली गेलं तरच चढतो.

मात्र इंजिन चालू करून कॅप उघडी ठेवली की पाण्यात बुडबुडे दिसतात. मिस्त्रीनं तेवढंच बघितलं आणि म्हणाला हेड गॅस्केट (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्या मधली सील) गेली, हेड उतरवा. दुसऱ्याला दाखवलं, त्याचंही तेच. आता हेड उतरलं की फेसिंग (तोंड घासून सपाट करणं) आलं, व्हॉल्व्ह आले, आणि मग "उतरलंच आहे तर" म्हणत रिंगांपर्यंत गाडी जाते, हे आपल्याला माहीत आहे. ऐन भाड्याच्या दिवसांत गाडी उभी करायची तर खात्री पाहिजे.

अजून एक, कामाचं आहे का नाही कळंना. सळईचा लोड घेऊन बीडकडून मांजरसुंब्याचा घाट चढताना पाणी फारसं जात नाही. येताना घाट उतरलो आणि बीडला पेंड खाली करायला गावातल्या गर्दीत शिरलो की जास्त कमी झालेलं असतं. इंजिनाला जोर चढताना, आणि पाणी कमी उतरताना. असं कसं?

सिंगल एक्सल:

भाऊ, बुडबुडे म्हणजे गॅस्केट, यात विचार करण्यासारखं काही नाही. वेळ काढाल तर हेड वाकडं होईल नाहीतर तडकेल, मग गॅस्केटच्या खर्चात हेडचा खर्च.

गेवराईचा गडी:

वरून टाकता ते पाणी कोणतं? आपल्याकडचं बोअरचं असेल तर आतून खार धरून बसला असणार. खार धरला की उष्णता बाहेर पडत नाही, जागोजाग पाणी उकळतं आणि वाफेनं कॅपमधून जातं. बुडबुडे त्याचेही असू शकतात.

सळईवाला:

दादा, घरून निघताना कूलंटच टाकतो, हिरवा. रस्त्यात धाब्यावर जे मिळेल ते. २०१६ ला लातूरला प्यायचं पाणी मिरजेहून रेल्वेनं आणावं लागलं, त्या मुलखात रेडिएटरसाठी आरओचं पाणी कुणाला मागू? पण बुडबुडे थंड इंजिनालाही येतात, सकाळी पहिल्या स्टार्टला. तेव्हा उकळायचा प्रश्नच नाही.

जुना फिटर, वाळूज:

थांबा. हेडला हात लावू नका अजून.

तुम्ही शेवटी जे सहज लिहिलं तेच महत्त्वाचं आहे. हेड गॅस्केट गेली असती तर लोडवर, घाट चढताना सर्वांत जास्त पाणी फेकलं असतं, कारण सिलिंडरमधला दाब तेव्हाच सगळ्यात जास्त असतो. तुमचं पाणी जातंय उतारावर आणि गर्दीत. तिथं इंजिन निवांत असतं. राबत असतो तो ब्रेक. आणि ब्रेक दाबला की हवा खर्च होते, ती भरायला एअर कॉम्प्रेसर कामाला लागतो.

बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही, पण या इंजिनावरच्या कॉम्प्रेसरचं हेड इंजिनाच्याच पाण्यानं थंड होतं. ब्लॉकमधून एक बारीक पाईप पाणी घेऊन येतो, दुसरा परत नेतो. कॉम्प्रेसरमध्ये हवेचा दाब ८ किलोपर्यंत, रेडिएटरमधल्या पाण्याचा जेमतेम १ किलोच्या आसपास. कॉम्प्रेसरची स्वतःची गॅस्केट जळाली की हवा पाण्यात घुसते. रेडिएटर फुगतो, कॅप उचलते आणि पाणी ओव्हरफ्लोच्या नळीतून चालत्या गाडीत रस्त्यावर पडतं. म्हणून उभ्या गाडीखाली तुमचा पुठ्ठा कोरडा.

खर्च न करता तपासता येईल. सकाळी इंजिन थंड असताना हवेच्या टाक्या पूर्ण रिकाम्या करा. रेडिएटर गळ्यापर्यंत भरा, कॅप काढूनच ठेवा आणि स्टार्ट करा. एकानं बुडबुड्यांवर नजर ठेवायची, दुसऱ्यानं डॅशबोर्डवरच्या हवेच्या काट्यावर. हवा भरून व्हॉल्व्ह "फस्स" करून सुटला की कॉम्प्रेसरवरचा भार जातो. त्या क्षणी बुडबुडे थांबतात का बघा. थांबले तर ब्रेकचं पायडल आठ-दहा वेळा मारून हवा उतरवा. कॉम्प्रेसर परत भरायला लागला आणि बुडबुडेही परत आले तर चोर सापडला. हेड गॅस्केटच्या बुडबुड्यांना हवेच्या काट्याशी काही देणंघेणं नसतं.

ही तपासणी थंड इंजिनावरच करा. गरम रेडिएटरची कॅप उघडून हात-तोंड भाजलेली माणसं पाहिली आहेत.

गॅरेजमध्ये निळ्या द्रवाची टेस्ट असेल तर तीही करा. रेडिएटरच्या तोंडावर ती नळी धरतात. सिलिंडरमधला जळका वायू आला तर निळा रंग पिवळा पडतो. कॉम्प्रेसर ढकलतो ती साधी हवा, तिनं रंग बदलत नाही. फक्त डिझेलला नुसत्या आयडलवर वायू कमी मिळतो, म्हणून जरा रेस देऊन बघायचं.

आणि हवेच्या टाकीचा खालचा कॉक उघडल्यावर काय निघतं ते सांगा.

सळईवाला:

मामा, केलं सगळं. क्लीनर रेडिएटरपाशी, मी केबिनमध्ये. हवा चढत होती तोवर बुडबुड्यांची नुसती माळ लागलेली. काटा ८ च्या जवळ गेला, फस्स झालं, आणि तो ओरडला, "बंद झाले!" ब्रेक मारत हवा ६ च्या खाली आणली, परत सुरू. पुन्हा करून बघितलं, तेच.

टाकीचा कॉक उघडला तर आधी काळपट तेलकट पाणी, मागोमाग हिरवट. बोटाला चिकट लागलं, वास गोडसर. क्लीनर म्हणतो, मधून मधून कॉक उघडतो तेव्हा पाणी येतंच की.

जुना फिटर, वाळूज:

पावसाळ्यात येतं, बरोबर आहे त्याचं. हवेतला दमटपणा टाकीत जमतो. पण आता एप्रिल आहे, बाहेर ४० च्या वर ऊन आणि हवा कोरडी. या दिवसांत मराठवाड्यात टाकीतून एवढं पाणी निघायला ते येणार कुठून? इंजिन बंद केल्यावर कॉम्प्रेसरमधला दाब जातो, रेडिएटरमधला थोडा वेळ राहतो. तेव्हा पाणी उलटं कॉम्प्रेसरच्या सिलिंडरमध्ये झिरपतं आणि सकाळी पहिल्या स्टार्टला टाकीकडे ढकललं जातं. म्हणजे थोडं रस्त्यावर, थोडं तुमच्याच टाकीत.

सळईवाला:

मग एक लोड ठरलेला आहे, तेवढा टाकून आलो तर चालेल का? पाणी बघत बघत जाईन.

जुना फिटर, वाळूज:

नाही. पाण्याचं सोडा, ब्रेकचं बघा. कूलंट व्हॉल्व्हमधलं ग्रीस धुऊन काढतं, रबर खराब करतं. सळई भरून तो घाट तुम्हाला परत उतरायचा नसला, तरी अंबाजोगाईकडच्या उताराला ब्रेक लागणारच आहे.

काम मोठं नाही. कॉम्प्रेसरचं हेड उघडा, गॅस्केट कुठं जळाली ते दिसेल. हेड आणि सिलिंडरची तोंडं सपाट आहेत का ते पट्टी लावून बघा, वाकलं असेल तर फेसिंग. पाण्याच्या वाटेत तडा आहे का नीट बघा, तडा असला तर गॅस्केट बदलून उपयोग नाही, हेडच बदलायचं. कॉम्प्रेसरकडून टाकीकडे जाणारा पाईप आतून कार्बननं भरला असेल तर साफ करा किंवा नवा टाका. तो चोंदला की कॉम्प्रेसर तापतो आणि नवी गॅस्केटही जळते. बऱ्याचदा मूळ कारण तिथंच असतं.

सळईवाला:

उघडलं काल. दोन बोल्टांच्या मधे गॅस्केट जळून काळी पडलेली, तिथून पाण्याच्या भोकापर्यंत गंजाची बारीक रेघ. तडा नाही. पाईपचं भोक अर्ध्याहून कमी राहिलेलं, करंगळी जाईना. नवा पाईप सांगितला, हेड जालन्यातच फेसिंगला दिलंय. हेड गॅस्केटवाल्या मिस्त्रीला हे दाखवलं तर म्हणाला, "हां, असं पण असतं कधी कधी."

आता ब्रेकच्या पायडलखालचा व्हॉल्व्ह पण खोलायचा का? ब्रेक लागायला-सुटायला तसा ठीक आहे.

जुना फिटर, वाळूज:

आधी टाक्यांचे सगळे कॉक उघडून पूर्ण रिकाम्या करा, मग हवा भरून परत सोडा, हिरवं यायचं थांबेपर्यंत. त्यानंतर पायडल व्हॉल्व्हच्या हवा सुटण्याच्या तोंडाला बोट लावा. ओलं किंवा चिकट लागलं तर रबर किट बदला. कोरडं असेल तर राहू द्या, पण पुढचे काही आठवडे ब्रेक उशिरा सुटतो का याकडे लक्ष ठेवा. चाकाकडचे व्हॉल्व्हही त्याच वेळी बघून घ्या.

पाणी भरताना कॉम्प्रेसरच्या परतीच्या पाईपचा नट थोडा सैल ठेवा. हवा निघून पाण्याची सलग धार आली की आवळा. नाहीतर तिथं हवा अडकते आणि पहिल्याच दिवशी कॉम्प्रेसर कोरडा तापतो. आणि पाच लिटरचा तयार कूलंटचा कॅन केबिनमध्ये ठेवा, धाब्यावरच्या हौदातलं टाकू नका.