खान्देशच्या नकाशावर सगळंच टाकायचं का?

तापीकाठ:
"आपापल्या आवडत्या जागा एका ऑनलाइन नकाशावर टाका, मिळून खान्देश जगाला दाखवू" अशी पोस्ट परवा इथंच आली आणि खाली नुसता बदामांचा पाऊस. लिंक उघडून पाहिली. जळगाव ते धुळे हायवेला ढाबेच ढाबे, प्रत्येकाची शेवभाजी 'एक नंबर'. ढाब्यांबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण चाळीसगावजवळच्या पाटणादेवीच्या मागं केदारकुंडाची पिन कोणी टाकली? तेही 'गर्दी नसते, निवांत बसता येतं' असं लिहून! अहो, ते गौताळ्याचं अभयारण्य आहे. पावसाळ्यातल्या रविवारी जाऊन बघा, ओढ्यात वेफर्सची पाकिटं आणि काठावर गाडीची दारं उघडी टाकून वाजणारी गाणी. जागा आवडते म्हणून तिची किल्ली चौकात टांगायची का?

शहाद्याचा मास्तर:
पाटणादेवी गुप्त कधी होती भाऊ? नवरात्रात जाऊन बघा. नकाशा नसला की काय होतं ते आमच्याकडून ऐका. उनपदेव दोन आहेत. एक चोपड्याकडे अडावदजवळ, दुसरं आमच्या शहाद्याकडे दरा गावाजवळ. गरम पाण्याचे झरे दोन्हीकडे. भाच्याच्या लग्नाला नाशिकची मंडळी 'उनपदेवला अंघोळ करून येतो' म्हणाली. मोबाइलनं नेलं अडावदला. इकडे अक्षता पडल्या तेव्हा नवरदेवाचे सख्खे काका चोपड्यात चहा पीत होते. अजून बोलत नाहीत आमच्याशी.

भुसावळ जंक्शन:
मूळ प्रश्न वेगळाच आहे, नकाशा कोणाचा? गूगलच्या मॅप मेकरवर लोकांनी गावंच्या गावं काढली, २०१७ ला ते दुकानच बंद झालं. ओपनस्ट्रीटमॅप २००४ पासून चालू आहे, माहिती सगळ्यांना खुली. पण तिथं 'आवडतं' चालत नाही. विहीर, देऊळ, बसथांबा, दवाखाना, जे दुसरा जाऊन तपासू शकतो तेच. आवडीनिवडीसाठी त्याच्यावर यूमॅपचा वेगळा थर करता येतो. तुम्ही मात्र लिंक असेल त्याला बदल करायची मुभा देऊन ठेवली आहे. कोणाचं तरी बोट लागलं आणि सकाळपासून मुक्ताईनगर तापीच्या पात्रात आहे. बघा जाऊन.

यावलची लेक:
मुक्ताईनगर नंतर काढा पाण्यातून. 'खान्देशातलं सर्वोत्तम भरीत' म्हणून हायवेवरच्या हॉटेलची पिन कोणी टाकली ते आधी सांगा. मी खाल्लंय तिथं. गॅसवर भाजलेली वांगी, मिक्सरमधून काढलेला लगदा आणि वर टोमॅटो. टोमॅटो!! भरीत बामणोदच्या हिरव्या वांग्याचं, शेतात कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं, लाकडी बडगीत ठेचलेलं. कांद्याची पात, लसूण, मिरची, शेंगदाणे, बास. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ ला भौगोलिक मानांकन (जीआय) काय उगीच मिळालं?

धुळेकर आप्पा:
टोमॅटोनं काय बिघडतं? आमच्या घरी घालतात.

यावलची लेक:
मग त्याला भाजी म्हणा आप्पा.

असोदेकर:
बामणोद बामणोद काय लावलंय? असोद्याचं वांगं विसरलात? बहिणाबाईंचं माहेर आहे ते.

यावलची लेक:
बहिणाबाईंना मधे आणू नका. त्यांच्या नावावर वांगी खपवायची वेळ आली का आता?

असोदेकर:
तोंड सांभाळून ताई.

तापीकाठ:
मी जंगलाबद्दल बोलतोय, तुम्ही वांग्यात अडकलात. धन्य आहे.

शहाद्याचा मास्तर:
जंगलाचंच बोलू. तुमच्याच प्रोफाइलवर मागच्या पावसाळ्यातला, पाटणादेवीजवळच्याच धवलतीर्थ धबधब्याचा फोटो आहे, लोकेशनसकट. आपण टाकलं ते निसर्गप्रेम, दुसऱ्यानं टाकलं तो कचरा?

तापीकाठ:
धवलतीर्थ सगळ्यांना माहीत आहे. ते वेगळं.

शहाद्याचा मास्तर:
हो ना. वेगळंच असतं ते.

एसटीची प्रवासी:
तुमचं झालं असेल तर मी बोलू? गाडीवाल्यांनी गाडीवाल्यांसाठी केलेला नकाशा आहे हा. मागे सासूबाईंना घेऊन पद्मालयाला गेले. परत निघालो तर बस गेलेली. एरंडोलपर्यंत एका दूधवाल्याच्या टेम्पोत, सासूबाई पुढं आणि मी मागं कॅन धरून. पद्मालयाच्या पिनेवर 'व्ह्यू मस्त' एवढंच लिहिलंय. शेवटची बस कधी, बाईमाणसाला जाण्यासारखं संडास कुठं, पाणी मिळतं का, हे एकानं तरी लिहिलंय? आणि आवडती जागा म्हणजे धबधबा नाहीतर ढाबाच का? धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ नाही, अमळनेरचं तत्त्वज्ञान मंदिर नाही. १९१६ ची संस्था आहे ती, पण तिथं शेवभाजी मिळत नाही ना!

धुळेकर आप्पा:
ताईचं बरोबर शे. पण तिठे जाई कोण?

एसटीची प्रवासी:
मी जाते आप्पा. एसटीनं.

भुसावळ जंक्शन:
बसथांबे आणि संडास आज रात्री ओपनस्ट्रीटमॅपवर टाकतो. पण पक्की जागा कळवा. 'वडाच्या झाडाजवळ' चालणार नाही.

तापीकाठ:
बरं. करा नकाशा, तुम्हाला कोण अडवणार! जंगलातली पिन मात्र वनखात्याच्या नाक्यावर थांबवा, कुंडावर नको. पुढची वाट ज्याला हवी त्यानं तिथल्या माणसाला विचारावी. आणि ते 'निवांत बसता येतं' काढा.

शहाद्याचा मास्तर:
नाक्यापर्यंत मान्य. आधी आमची दोन्ही उनपदेवं तालुक्याच्या नावानिशी लागू द्या.

यावलची लेक:
आणि हॉटेलच्या भरिताची ती पिन?

असोदेकर:
ती मी मघाशीच उडवली.

धुळेकर आप्पा:
उडवली? कोणले ईचारीसन?

असोदेकर:
लिंक होती माझ्याकडे.