नगर पंचायतीच्या दारात: तुमचा अनुभव सांगा

आमचं गाव पूर्व विदर्भातलं, तालुक्याचं ठिकाण. २०१५ मध्ये ग्रामपंचायत गेली आणि नगर पंचायत आली. सरपंचाच्या जागी नगराध्यक्ष, ग्रामसेवकाच्या जागी मुख्याधिकारी, सतरा प्रभागांचे सतरा नगरसेवक. माझ्या आईच्या तोंडी मात्र अजून 'ग्रामपंचायतीत जाऊन ये' हेच आहे.

मागच्या महिन्यात वडिलांच्या मृत्यूचा दाखला आणायला गेले होते. बाकावर दोन तास बसले. तेवढ्यात नळ, नाली, घरपट्टी, घरकुल, बंद पडलेला दिवा, सगळं कानावर पडलं. प्रत्येकाच्या हातात कसला ना कसला कागद होता. या कामांबद्दल कोणी नीट लिहून ठेवत नाही असं वाटलं, म्हणून विचारतेय. काम कसं झालं किंवा कुठं अडलं, तपशिलानं सांगा. गावाचं आणि माणसांचं नाव नको.

माजी नगरसेविका, गडचिरोली जिल्हा

प्रभाग महिलेसाठी राखीव निघाला म्हणून उभी राहिले. पहिल्या सर्वसाधारण सभेची नोटीस घेऊन शिपाई आला, तो यजमानांच्या नावानं हाक मारत. विषयपत्रिकेवर एकोणीस विषय होते. बचत गटाचं रजिस्टर मीच लिहायची, त्यामुळं कागद वाचायची भीती नव्हती. 'सूचक', 'अनुमोदक', 'कार्योत्तर मंजुरी' हे शब्द मात्र नवीन. कार्योत्तर म्हणजे काम आधी उरकलं आणि मंजुरी आता मागताहेत, हे कळायला मला दोन सभा लागल्या. कळलं त्या दिवसापासून अशा विषयाची फाइल मी सभेच्या आधीच मागवून वाचायची.

मनात राहिलेलं काम नालीचं. आमच्या गल्लीत सिमेंटची नाली बांधत होते. उतार उलटा दिसत होता. कंत्राटदाराचा माणूस म्हणे, "बाई, लेव्हल घेतली आहे." मी शेजारच्या काकूंकडून दोन बादल्या पाणी आणलं आणि वरच्या टोकाला ओतलं. पाणी पाच-सहा हात गेलं, थांबलं आणि हळूहळू आमच्या पायांकडे परत आलं. बाया, पोट्टे, सगळे उभे होते. मी तिथूनच अभियंत्यांना फोन लावला. त्यांनी येऊन पाहिलं आणि मोजमाप पुस्तिकेतली नोंद थांबवली. नोंद नाही तर बिल नाही, त्यामुळं आठ दिवसांत नाली फोडून नव्यानं बांधली गेली. पाच वर्षांत रस्ते झाले, चौकात उंच खांबाचा हायमास्ट दिवा लागला. पण मृगाचा पहिला पाऊस पडला की मी अजून त्या नालीवर जाऊन उभी राहते.

पाणीपुरवठा कर्मचारी, यवतमाळ जिल्हा

मी व्हॉल्वमन. पहाटे चारला सायकलला लोखंडी किल्ली बांधून निघतो. एका भागाला पाऊण तास, मग व्हॉल्व बंद, मग पुढचा भाग. उन्हाळ्यात टाकी पूर्ण भरतच नाही. वीज गेली की त्या दिवसाचं सगळं गणित कोलमडतं आणि बोलणी मला बसतात. "भाऊ, पानी काहून येऊन नाही राहिलं?" हे मी दिवसातून पन्नासदा ऐकतो. खरं कारण पुष्कळदा खालच्या गल्लीतले टिल्लू पंप असतात. नळाला मोटर लावली की टेकडीवरच्या वस्तीचं पाणी तिथंच ओढलं जातं. वरच्या म्हाताऱ्या बाईचा पाण्याचा गुंड, म्हणजे हंडा, अर्धा भरतो. आता पाणी सोडायच्या वेळी त्या गल्लीची वीज थोडा वेळ बंद ठेवतात. लोक रागावले, पण वर धार पोचली.

आणखी एक सांगतो, कारण ते कोणी पाहत नाही. टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकल्यावर शेवटच्या नळाचं पाणी काचेच्या नळीत घ्यायचं, ओटीचे, म्हणजे क्लोरीन तपासायच्या औषधाचे, थेंब टाकायचे. पाणी पिवळसर झालं म्हणजे क्लोरीन तिथवर पोचलं. शेवटच्या नळाला लिटरमागं किमान ०.२ मिलिग्रॅम तरी पाहिजे. एका पावसाळ्यात शेवटच्या नळाचं पाणी तीन दिवस पांढरंच राहिलं. चौथ्या दिवशी नालीतून गेलेली फुटकी पाइपलाइन सापडली. त्या तीन दिवसांत मी रोज संध्याकाळी त्या वस्तीत घरोघर जाऊन सांगत होतो, पाणी उकळून प्या. मला कोणी सांगितलं नव्हतं. माझी बहीण त्याच वस्तीत राहते.

घरमालक, बुलढाणा जिल्हा

माझं घर मातीच्या भिंतींचं, वर कवेलू, म्हणजे कौलं. रस्त्याकडची एक खोली तेवढी स्लॅबची. घरपट्टीच्या फेरआकारणीच्या वेळी एजन्सीची मुलं आली, समोरून फोटो काढला, आत पाऊलही टाकलं नाही. नोटिशीत अख्खं घर आरसीसी! कर तिपटीच्या वर. आमच्या नगर परिषदेत २०२२ पासून प्रशासक होते, निवडणूक झाली ती थेट डिसेंबर २०२५ मध्ये. मधल्या काळात गाऱ्हाणं घेऊन जावं तर नगरसेवकच नाही. गल्लीतल्या बऱ्याच जणांनी नोटीस देव्हाऱ्यामागं खोचून ठेवली आणि हरकतीची मुदत गेली.

मी मुदतीत अर्ज दिला आणि पोच घेतली. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. सुनावणीला मागच्या भिंतीचे, कवेलूंचे, ओसरीच्या लाकडी खांबाचे फोटो नेले. अधिकाऱ्यांनी ऐकून घेतलं, अभियंत्यांना पाठवलं, टेप लावून घर पुन्हा मोजलं गेलं. स्लॅबची खोली वेगळी, कवेलूचा भाग वेगळा धरला आणि आकडा जवळपास निम्म्यावर आला. मोजणी होईपर्यंत मी जुन्या दरानं कर भरत राहिलो, कारण थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती चढते. फेरआकारणी चार वर्षांनी पुन्हा येणार आहे. या वेळी गल्लीतल्या सगळ्यांचे अर्ज मी बसून लिहून देणार आहे.

घरकुलाचा अर्जदार, चंद्रपूर जिल्हा

ग्रामपंचायत असताना घरकुलाला कमी पैसे मिळत. नगर पंचायत झाल्यावर शहरी योजनेतून अडीच लाख, केंद्राचे दीड आणि राज्याचा एक. वस्तीत आनंद झाला. मग जागेचा कागद मागितला.

आमच्या वस्तीतून एक बैलगाडीची वाट जाते. वाटेच्या अलीकडची जागा नझूल, म्हणजे वस्तीतली सरकारी जागा, पलीकडची महसुली नोंदीत 'झुडपी जंगल'. नझूलवाल्यांना १ जानेवारी २०११ च्या आधीपासूनचं अतिक्रमण म्हणून पट्टे मिळाले. माझा भाऊ अलीकडे राहतो. त्याचा पाया खोदला, जोत्याचा हप्ता आला, स्लॅब पडला. मी पलीकडे. माझ्याकडे घरपट्टीच्या पावत्या आहेत, वीजबिल आहे, नळाचं कनेक्शन आहे. आजोबांनी लावलेली चिंच आहे, तिच्या बुंध्याला दोघांनी कव घातली तरी हात पुरत नाहीत. पट्टा नाही. २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं झुडपी जंगल ही वनजमीनच असं सांगितलं. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी सरकारनं वाटप केलेल्या जागांसाठी केंद्राच्या मंजुरीची वाट ठेवली आहे. आमच्या आजोबांना जागा मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, काळात तोंडी मिळाली, तोंडी वाटपाचा कागद मी कुठून आणू? नगर पंचायतीतले लिपिक चांगले आहेत. त्यांनी माझी फाइल परत केली नाही, 'जागेअभावी प्रलंबित' म्हणून यादीत ठेवली. पावसाळ्याआधी ताडपत्री बदलावी लागेल.

शेतमजूर बाई, गोंदिया जिल्हा (मुलीनं लिहून दिलं)

ग्रामपंचायत होती तेव्हा उन्हाळ्यात बोडीचं, म्हणजे लहान तळ्याचं, खोलीकरण निघे, पांदण रस्ता निघे, हाताला काम असे. नगर पंचायत झाल्यावर विचारलं तर म्हणाले, "बाई, मनरेगा गावासाठी असते, तुमचं शहर झालं." शहर झालं म्हणतात, पण मी रोवणीला नि कापणीलाच जाते. उन्हाळ्यात काय करायचं ते सांगा.

पालक, अमरावती जिल्हा

मुलीच्या जात पडताळणीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा हवा होता. आम्ही इतर मागासवर्गातले, घरात जुना कागद एकही नाही. कोणीतरी म्हणालं, नगर परिषदेच्या जन्मनोंदीत शोधा, तेव्हा नोंदीत जात लिहीत.

जन्ममृत्यू विभागातल्या बाई निवृत्तीला आलेल्या. त्यांनी लाल फडक्यात बांधलेली रजिस्टरं काढली. पानांच्या कडा हात लावला की गळत होत्या, म्हणून त्या पानाखाली कागद सरकवून मगच उलटत. आजोबांचा जन्म पोळ्याच्या सुमाराचा एवढंच आम्हाला ठाऊक होतं. तीन वर्षांचे श्रावण-भाद्रपद आम्ही दोन दुपारी बसून पाहिले. दुसऱ्या दिवशी चार वाजता पणजोबांचं नाव सापडलं. गाव बरोबर, जात लिहिलेली, पुढं 'मुलगा'. नावाचा रकाना रिकामा होता, बारसं व्हायच्या आधीच नोंद झाली होती. माझी मुलगी त्या रिकाम्या रकान्याकडं कितीतरी वेळ पाहत राहिली.

नक्कल मिळाली, पुढं वैधता प्रमाणपत्रही मिळालं. फडकं बांधताना बाई म्हणाल्या, "दादा, हे पान अजून दोन-तीनदाच उलटेल. स्कॅन करा म्हणून तुम्ही लोकांनी अर्ज द्या, आमचं कोण ऐकतं?" मी त्याच दिवशी अर्ज दिला. आवक क्रमांक माझ्याकडे आहे. दर महिन्याला जाऊन विचारतो.