ल्युपसच्या गोळ्या: चुकलेला डोस, वेळा आणि एचसीक्यू बंद करण्याचा विचार

रानफूल
बहिणीला ल्युपस (रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) आहे, मूत्रपिंडावरही परिणाम झाला होता. वजन 60 किलो. सध्या हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन (एचसीक्यू) एक दिवस 200 आणि एक दिवस 400 मिग्रॅ, मायकोफेनोलेट मोफेटिल (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) 1 ग्रॅम दोन वेळा, प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) 7.5 मिग्रॅ, शिवाय लोह, कॅल्शियम आणि लागेल तेव्हा अ‍ॅसिडिटीचं पातळ औषध. आठवड्यात दोन-तीन डोस राहतातच. राहिलेली गोळी नंतर घ्यायची का? सांधे आता दुखत नाहीत आणि डोळ्यांची भीती वाटते, म्हणून ती एचसीक्यू सोडायचं म्हणते आहे.

औषधखिडकी
एचसीक्यूपासूनच सुरुवात करते, कारण सर्वांत जास्त गैरसमज तिच्याबद्दलच असतात. शरीरातलं तिचं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण 40 दिवस लागतात. त्यामुळे चार गोळ्या चुकल्या तरी त्या आठवड्यात काहीच जाणवत नाही आणि "हिच्याशिवाय चालतं" असं वाटू लागतं. प्रत्यक्षात पातळी हळूहळू उतरत असते आणि ती पुन्हा पूर्ण भरायला काही महिने जातात. आज सांधे शांत आहेत त्यात या गोळीचा मोठा वाटा असू शकतो. ती सोडली की आजार उसळण्याचा धोका वाढतो, आणि मूत्रपिंडाला एकदा त्रास झालेल्यांनी तर हा धोका मुळीच पत्करू नये.

डोस दिवसाला, प्रत्यक्ष वजनाच्या प्रत्येक किलोमागे 5 मिग्रॅच्या आत ठेवतात. 60 किलोला 300 मिग्रॅ, म्हणजे तिचा सरासरी डोस बरोबर मर्यादेवर आहे. वजन उतरलं तर डॉक्टरांना सांगा, हिशेब बदलतो.

"एक दिवसाआड" हा प्रकार मात्र हमखास गोंधळाचा. काल दोन घेतल्या की एक, हे कोणाच्या लक्षात राहणार? डॉक्टरांना विचारून वार ठरवून घ्या: सोम, बुध, शुक्र 400, बाकी चार दिवस 200. आठवड्याला 2000 मिग्रॅ होतात, सरासरी 286. सात कप्प्यांच्या डबीत रविवारीच भरून ठेवल्या की प्रश्न मिटतो.

नेत्रतपासणी
डोळ्यांपुरतं सांगतो. 5 मिग्रॅच्या मर्यादेत दृष्टिपटलाला इजा होण्याचा धोका पहिल्या पाच वर्षांत 1 टक्क्याहून कमी, दहा वर्षांपर्यंत 2 टक्क्यांहून कमी. वीस वर्षांनंतर तो बराच वाढतो. पहिल्या वर्षात एक मूळ तपासणी, पाच वर्षांनंतर दरवर्षी ओसीटी (दृष्टिपटलाचं स्कॅन) आणि दृष्टिक्षेत्र तपासणी. मूत्रपिंडाचं काम मंदावलं असेल तर औषध साचतं, म्हणून तुमच्या बहिणीने वार्षिक तपासणीसाठी पाच वर्षं थांबू नये. नजर नीट आहे म्हणून तपासणी टाळणं चूक, कारण सुरुवातीचा बदल रुग्णाला कळतच नाही.

औषधखिडकी
आता चुकलेल्या डोसाबद्दल. कोणत्याही गोळीचा दुप्पट डोस नाही.

एचसीक्यू: त्याच दिवशी आठवली तर घ्या, दुसरा दिवस उजाडला तर सोडून द्या. मायकोफेनोलेट: आठवताच घ्या, पण पुढच्या डोसाला दोन तासांहून कमी उरले असतील तर सोडा. ही बारा तासांच्या अंतराने चालणारी गोळी आहे, त्यामुळे वारंवार चुकली तर तिचा परिणाम लवकर ढासळतो. प्रेडनिसोलोन: त्याच दिवशी आठवली तर घ्या, पण अनेक दिवस सलग खंड नको. रोज बाहेरून स्टेरॉइड मिळत असल्याने अधिवृक्क ग्रंथी (शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनवणाऱ्या) सुस्तावलेल्या असतात. अचानक बंद केल्यास रक्तदाब पडणं, उलट्या, चक्कर, प्रचंड थकवा. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकतच नसेल तर त्याच दिवशी रुग्णालयात जा, इंजेक्शनने स्टेरॉइड द्यावं लागतं.

वेळा अशा लावता येतील: सकाळी 8 ला खाऊन प्रेडनिसोलोन आणि मायकोफेनोलेट, दुपारच्या जेवणाबरोबर कॅल्शियम, संध्याकाळी 4-5 ला लोह, रात्री 8 ला जेवून मायकोफेनोलेट आणि एचसीक्यू. अ‍ॅसिडिटीचं औषध एचसीक्यूपासून चार तास आणि मायकोफेनोलेटपासून किमान दोन तास दूर, नाहीतर गोळ्या नियमित घेऊनही शोषण कमी होतं.

रानफूल
दुकानात मायकोफेनोलेट सोडियम 360 मिळालं, तेच ना?

औषधखिडकी
नाही, गोळीला गोळी बदलू नका. 720 मिग्रॅ सोडियम साधारण 1000 मिग्रॅ मोफेटिलइतकं धरतात, पण बदल डॉक्टरांनीच लिहून द्यायचा. गर्भधारणेचा विचार असेल तर मायकोफेनोलेट किमान सहा आठवडे आधी थांबवून दुसरं औषध सुरू करावं लागतं, तेही आधीच बोलून ठेवा. आणि चुकलेले डोस डॉक्टरांपासून लपवू नका: लघवीत प्रथिनं वाढलेली दिसली तर औषध अपुरं पडतंय असं समजून डॉक्टर डोस वाढवतील. शंका असेल तर एचसीक्यूची रक्तातली पातळी मोजता येते, ती अगदीच कमी आली तर आधी गोळ्यांच्या वेळा दुरुस्त करायच्या.